फायरचा कोर्स करताय? फी भरण्याआधी भरतीची जाहिरात वाचा

‘फायर अँड सेफ्टी’चा डिप्लोमा करणाऱ्यांनी आधी ठरवावं, जायचंय कुठे. फायर म्हणजे महापालिका, एमआयडीसी, विमानतळ इथलं अग्निशमन दल. सेफ्टी म्हणजे कारखान्यातला सुरक्षा अधिकारी. त्याला इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी, अनुभव आणि वर औद्योगिक सुरक्षेची सरकारमान्य पदविका लागते. बारावीवर कुणी त्या खुर्चीत बसवत नाही. दोन्हींची आशा दाखवून एकच सर्टिफिकेट विकायचं, यावर बरीच दुकानं चालतात.

अशाच एका दुकानात माझं वर्ष आणि वडिलांचे पैसे गेले. सर्टिफिकेट देखणं होतं. होलोग्राम, ज्वाळेचं चिन्ह, खाली ‘आयएसओ प्रमाणित’. कागदपत्र पडताळणीला टेबलामागच्या मॅडमनी मार्क पाहिलेच नाहीत. संस्थेच्या नावावर बोट ठेवलं, जाहिरातीतली अर्हतेची ओळ वाचून दाखवली आणि फाइल परत सरकवली. बहुतेक महापालिकांच्या फायरमन भरतीत ती ओळ ठरलेली असते: दहावी पास, मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स, एमएस-सीआयटी. काही ठिकाणी पुढे ‘किंवा समकक्ष’ असतं, पण समकक्ष काय ते भरती करणारे ठरवतात, तुमचा इन्स्टिट्यूटवाला नाही. आयएसओचा कोर्सच्या मान्यतेशी काडीचा संबंध नाही. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ तर किराणा दुकानही असतं. म्हणून जुन्या दोन-तीन जाहिराती डाउनलोड करा, अर्हतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा, मग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन विचारा: या सर्टिफिकेटवर कुठल्या पालिकेत कोण लागलं? फोन नंबर द्या. उत्तरात दुबईचा विषय निघाला की उठा.

खरे रस्ते थोडे आहेत, पण आहेत. मुंबईत सांताक्रूझला विद्यानगरीत राज्याची अग्निशमन अकादमी आहे, म्हणजे वरच्या ओळीतलं प्रशिक्षण केंद्रच. फायरमनचा सहा महिन्यांचा आणि सब-ऑफिसरचा वर्षाचा कोर्स तिथे होतो. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाचं. फायर इंजिनिअरिंगची पदवी हवी असेल तर ते बघा. उंची मात्र घरी नीट मोजा. १६५ सेंमी बऱ्याच पालिकांना चालते, मुंबई दलाच्या २०२३ च्या भरतीत पुरुषांना १७२ मागितली होती.

अभ्यासाला घाबरू नका. धावायला सगळेच येतात, अडतात ते आकडेमोडीला. बीए सेटचं, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर बांधायच्या हवेच्या सिलिंडरच्या संचाचं घ्या. सहा लिटरचं सिलिंडर, ३०० बार दाब, म्हणजे १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटं. पोरं इथेच थांबतात. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की सेटची इशाऱ्याची शिट्टी वाजते, तोवर तुम्ही बाहेर असायला हवं. शेवटची आठेक मिनिटं हिशेबात धरायचीच नाहीत. शिवाय धुरात जायला जितका वेळ लागला तितका परतायलाही लागणार. घाबरलेला, जिने चढणारा माणूस ४० लिटरवर भागवत नाही, हे वेगळंच.

हे मला एका रिटायर्ड लीडिंग फायरमन काकांनी वहीच्या मागच्या पानावर समजावलं. असा माणूस गावात असेल तर त्यांच्या मागे लागा. पिळदार दंडांच्या रील टाकणाऱ्या भरती अकॅडमीपेक्षा ते केव्हाही परवडतात. ओरडतात, पण पाणी कुठून उचलायचं ते शिकवतात.

आणि कागदपत्रं आत्ताच काढा. डोमिसाइल, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर. जाहिरात निघाल्यावर सेतूत रांग लागते, आणि नॉन-क्रिमिलेयरची मुदत नेमकी तेव्हाच संपलेली असते.