ओला दगड सुकेपर्यंत थांबा

वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये मी सतरा वर्षं ग्राइंडिंग मशिनवर होतो. खड्यांकडे वळलो तेव्हा वाटलं, घासायचंच तर आहे, पोलाद काय नि अकीक (अ‍ॅगेट) काय! घासणं सहा महिन्यांत बसलं हातात. कच्चा दगड विकत घ्यायला शिकायला मात्र तीन वर्षं गेली. त्याचा पुरावा कळव्याला आमच्या गॅलरीत फसलेल्या दगडांच्या दोन बादल्या भरून पडलाय. बायको त्याला ‘तुमची एफडी’ म्हणते.

पहिली बादली पाण्याने भरवली. वाशीला एका प्रदर्शनात घमेल्यातल्या पाण्यात अकीक ठेवले होते, नुसते लखलखत होते. दोन किलो उचलले. घरी आणून पेपरवर पसरले आणि अर्ध्या तासात प्रत्येक तुकड्यावर भेगांचं जाळं दिसायला लागलं. ब्लेडखाली गेल्यावर निम्मे हातातच सुटले. पाणी खडबडीत पृष्ठभागाचे खड्डे भरून टाकतं, म्हणून ओला रफ (म्हणजे न घासलेला कच्चा दगड) पॉलिश केल्यासारखा दिसतो. पण तेच पाणी आपल्या कामीही येतं. दगड बाहेर काढा, फडक्याने पुसा आणि हातात धरून थांबा. वरचा भाग आधी सुकतो, भेगेतलं पाणी मागे राहतं. तेवढी दोन-चार मिनिटं भेग काळ्या रेघेसारखी दिसते. विकणारा घाई करतोच. मी चहा मागवतो. मग मोबाइलचा नको, छोटा चांगला टॉर्च दगडाच्या पाठीमागून लावायचा. आतली चीर आरशासारखी चमकते.

रंगाचं थोडक्यात सांगतो. भडक गुलाबी, निळा, जांभळा अकीक दिसला की तो रंगवलेला धरून चाला. नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनमध्ये कापूस बुडवून घासा. कापसाला रंग लागला तर प्रश्न मिटला, नाही लागला तरी मिटला असं नाही. तुटलेली बाजू बघा. रंग भेगांत गडद आणि आत फिका असेल तर समजून घ्या. रंगवणं हा गुन्हा नाही. बाजारातला बहुतेक काळा ओनिक्स साखरेच्या पाण्यात मुरवून गंधकाम्लात टाकून काळा केलेला असतो. फक्त त्याला नैसर्गिक रंगाचा भाव द्यायचा नाही.

दुसऱ्या बादलीची गोष्ट आपल्या मातीतली आहे, म्हणून जरा सविस्तर. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या बेसॉल्टवर उभा आहे, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्या पोकळ्यांत नंतर गरम पाण्यातून खनिजं जमली. नाशिक, जळगाव, पुणे या पट्ट्यातले स्टिल्बाइट, अपोफिलाइट जगभरचे संग्राहक घेतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय नवशिक्याने एकदा बघावंच. मी ते बघून आलो आणि भारावून जळगावकडचा हिरवा अपोफिलाइट घेतला. इतकं सुंदर पाणीदार हिरवं, खडा कसा दिसेल! लाखेने काडीवर चिकटवला, चाकाला लावला आणि तो पत्त्यांच्या कॅटसारखा सपाट थर सोडत गेला. अपोफिलाइटला एका दिशेने अगदी स्वच्छ फाटण्याची खोड असते, शिवाय मोह्सच्या मापावर त्याचा कठीणपणा साडेचार ते पाच. स्टिल्बाइट त्याहून मऊ. साध्या धुळीत गारेचे (क्वार्ट्झचे) कण असतात, त्यांचा कठीणपणा सात. म्हणजे असा खडा अंगठीत घातला तर रोजच्या धुळीनेच ओरखडत जाणार. ही खनिजं शोकेसमध्ये ठेवायची. घासायला त्याच बेसॉल्टमधला अकीक, कॅल्सेडनी, जास्पर आणि गार घ्या. आता कोणी नवीन नाव सांगितलं की मी किंमत नंतर विचारतो. आधी कठीणपणा किती आणि फाटतो का.

अकीकसाठी गुजरातमधल्या खंभातला एकदा तरी जाऊन या. ठाण्याहून बोरिवलीला (घोडबंदर रोडचा ट्रॅफिक हिशेबात धरून), तिथून आणंद आणि पुढे फाट्याची गाडी. कच्चा माल पूर्वापार भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरकडून येत आलाय. तिथे बाबा घोर यांचा दर्गा आहे, अकीकवाले त्यांना मानतात. खंभातचे जुने कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकाला दगड टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका देतात. टवका हवा तिथूनच उडतो. पिवळट दगड उन्हात ठेवून मग मडक्यात भाजतात. आतल्या लोहामुळे तो लाल होतो. मी एका वयस्कर कारागिराला विचारलं, “चाचा, आत भेग आहे हे न फोडता कसं कळतं?” त्यांनी दोन तुकडे एकमेकांवर टिचकावले. एक खणकन वाजला, दुसरा बद्द. “भाई, मडकं घेताना वाजवून घेता ना?” पुढे मलाही जमायला लागलं, पण मुठीएवढ्या तुकड्यावरच; लहान खड्यावर माझे कान अजून फसतात.

त्याच गावात अकीकची कोरडी धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस झालेली माणसंही आहेत. घरच्या गॅलरीत काम करणार असाल तर घासताना पाणी सतत चालू हवं. तोंडावर एन-९५ बांधा आणि साचलेला चिखल सुकू न देता उचला.

भावाचं गणित मी दुकानातच कागदावर मांडतो. समजा माल किलोला ५०० रुपये. साल, भेगा आणि ब्लेडने खाल्लेली जाडी वजा जाता कामाचा २०० ग्रॅम उरत असेल, तर तो दगड मला किलोला २,५०० ला पडला. शेजारचा ९०० रुपयांचा स्वच्छ माल निम्मा उरत असेल, तर १,८०० ला. महाग कोणता? पैलू पाडायचे असतील तर वजावट आणखी मोठी. दहा कॅरटच्या, म्हणजे दोन ग्रॅमच्या रफमधून दोन-तीन कॅरटचा खडा निघाला तरी मी खूश असतो.

गार्नेट ग्रॅमवर विकला जातो आणि लाल काच त्यात सहज मिसळते. यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी दगडाचं कोरडं वजन करा. मग पाण्याचा कप काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला दगड तळाला न टेकवता बुडवा. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. बारा ग्रॅमच्या तुकड्याला तीन आला तर भागाकार चार, गार्नेटच्या घरातला. काट्यावरचा आकडा तीनऐवजी पाचच्या जवळ आला, म्हणजे भागाकार २.४, तर काचेची शंका घ्या. गारेचा भागाकार २.६५ येतो. एका व्यापाऱ्याने काटा बघूनच माल परत पिशवीत भरला होता.

फुकटचे दगड गोळा करायचा मोह ठाण्यात फार होतो, कारण समोर येऊरचा डोंगर. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथून काही उचलायचं नाही. चालू खाणीतही विचारल्याशिवाय शिरू नका. वरून कधी काय घरंगळेल सांगता येत नाही.

मागच्या खेपेचे साडेतीन किलो सध्या खिडकीत आहेत, वाजवून, सुकवून घेतलेले. त्यातल्या एकाच्या टोकाला बारीक पांढरे पट्टे आहेत. आडवा कापला तर डोळ्यासारखी गोल नक्षी निघेल, उभा कापला तर दोन मोठे कॅबोशॉन, म्हणजे पैलू नसलेले घुमटाकार खडे. गेले पंधरा दिवस त्याच्यावर मार्करने रेघ मारतोय आणि पुसतोय.