मेइजी जपानमधील परक्या लष्करी शिक्षकाची कथा कशी लिहावी

स्वतःच्या सैन्याचा उबग आलेला एखादा पाश्चात्त्य अधिकारी जपानी शिपायांना कवायत शिकवायला जातो आणि सामुराईंच्या बाजूला ओढला जातो, या कल्पनेवर कथा लिहायची असेल, तर पात्राच्या नावाआधी साल ठरवावे. जानेवारी 1867 मध्ये योकोहामाला उतरलेले फ्रेंच लष्करी पथक शोगुनच्या, म्हणजे जुन्या राजवटीच्या लष्करी शासकाच्या, फौजेला नव्या पद्धतीचे शिक्षण देण्यासाठी आले होते; 1877 मध्ये मात्र सक्तीच्या भरतीतून उभारलेले सैन्य सम्राट मेइजीच्या नव्या सरकारचे होते, आणि त्याविरुद्ध उठलेला सामुराई नेता साइगो ताकामोरी 1873 पर्यंत त्याच सरकारात होता. पहिल्या काळात जुनी राजवटच आधुनिकता विकत घेत होती, हे विसरल्यास कथेचा पायाच चुकतो.

तलवार विरुद्ध बंदूक अशी मांडणी करू नये. साइगोच्या सात्सुमा या दक्षिणेकडील प्रांतातील बंडखोरांकडे रायफली आणि तोफाही होत्या, आणि सरकार तेथील कागोशिमा शहरातील शस्त्रसाठा हलवू लागल्यावर त्याच्या शाळांतील तरुणांनी तो लुटला, तेथूनच उठावाला तोंड फुटले. 1876 मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि त्याच वर्षी त्यांच्या वंशपरंपरागत तनख्याऐवजी सरकारी रोखे देण्याचे ठरले. बहुतेक लेखक बंदीचा प्रसंग रंगवतात. माझ्या मते तनखा गेलेल्या घरातील हिशेबाचा प्रसंग अधिक बोलका ठरेल.

नायकाच्या भ्रमनिरासाला नुसती खिन्नता पुरत नाही, त्यासाठी किंमत मोजावी लागेल असा निर्णय हवा. त्या फ्रेंच पथकातील तोफखान्याचा अधिकारी ज्यूल ब्रुने याचे उदाहरण येथे अभ्यासावे. शोगुनचे आणि सम्राटाचे पक्ष यांच्यातील 1868 च्या यादवीत फ्रान्सने तटस्थता स्वीकारून पथकाला परत बोलावले, तेव्हा त्याने फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला राजीनाम्याचे पत्र लिहिले आणि शोगुनच्या आरमाराचा प्रमुख एनोमोतो ताकेआकी याच्याबरोबर उत्तरेला होक्काइदो बेटावर जाऊन तो लढला. तेथील गोर्योकाकू हा ताऱ्याच्या आकाराचा किल्ला पाश्चात्त्य धर्तीवर बांधलेला होता, त्यामुळे ब्रुनेला परंपरेची भूल पडली असे म्हणण्यापेक्षा आपण शिकवलेल्या माणसांना सोडणे त्याला जमले नाही असे मानणे मला पटते, आणि कथेलाही हाच हेतू अधिक पेलतो.

तपशिलांपैकी एक फार छळतो: तहांनुसार परकीयांना खुल्या बंदरांपासून साधारण 10 री, म्हणजे सुमारे 40 किलोमीटरपर्यंतच मोकळेपणाने फिरता येई, म्हणून नायकाला दूरच्या डोंगरी गावात ठेवायचे असेल तर परवाना, कैद किंवा पलायन यांपैकी एक कारण द्यावेच लागते. दुभाष्यालाही पूर्ण पात्र करावे, कारण नायकाला कळणारे बहुतेक सारे त्याच्याच तोंडून येणार.

शेवटी नायकाला रणांगणावर मारण्याची घाई करू नये. 1869 मध्ये गोर्योकाकू पडण्यापूर्वी ब्रुने फ्रेंच जहाजावरून निसटला, मायदेशी पुन्हा सैन्यात रुजू झाला आणि पुढे जनरलही झाला. ज्या सैन्याची आज्ञा मोडली त्याच सैन्याचा गणवेश पुन्हा चढवणाऱ्या माणसाची पुढची वर्षे लिहिणे अवघड आहे, पण कथेचा उत्तरार्ध तेथेच शोधावा.