कोप्यांवर केक नेऊ नका, वही न्या

नाताळच्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, जायच्या. केक, चादरी, दोन गाणी, प्रार्थना, फोटो. तिसऱ्या वर्षी एकीने विचारलं, "मावशी, वाचता येतं ना? मग ह्या पावत्या बघा की." तेव्हापासून मी वही नेते. तुम्हाला जायचं असेल तर निघण्याआधी बायबलमधलं याकोबाचं पत्र उघडा, 5:4. शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, असं तिथं आहे. आमच्या पहिल्या बाकावरच्यांचाही ऊस आहे, म्हणून नाताळात हे वचन कुणी काढत नाही.

दिवेलागणीला, चुली पेटल्यावर जा. ही माणसं पहाटे तीन-चारला उठतात, त्यामुळे आठच्या आत निघा. धर्मप्रचाराच्या पत्रिका घरीच ठेवा. कुणी मागितली तरच प्रार्थना.

वही शंभर पानी घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. प्रत्येक कोयत्याला चार पानं. रकाने असे: तारीख, गाडी नंबर, कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवरचं वजन, खाडे (काम बुडालेले दिवस), मिळालेली खर्ची (हंगामात घरखर्चाला दिलेले पैसे). गाडी सहा कोयत्यांनी भरली असेल तर वजनाला सहाने भागा. पावतीवरची शाई उडते, आकडे त्याच दिवशी उतरवा.

मग उचलीचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या मुकादमाने हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांचा, हिशेब मांडा. 2024 मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला 366 रुपये झाला. त्या दराने एक लाखाची उचल फिटायला 273 टन लागतात. रोज दोन टन तोडला तर 137 दिवस. खाडे आणि खर्ची यात धरलेलीच नाही. हे गणित पहिल्यांदा चुलीपाशी मांडलं तेव्हा ती बाई भाकरी थापायची थांबली.

माझी चूक सांगते. वही नेली त्या पहिल्या वर्षी हा हिशेब मी मुकादमासमोर मोठ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी त्या जोडप्याला सगळ्यात लांबचा, चिखलातला फड (तोडीचं शेत) मिळाला. तेव्हा आकडा फक्त त्या दोघांना सांगा. मूळ वही त्यांच्याकडे, नक्कल तुमच्याकडे.

मुलांच्या प्रवेशासाठी शाळेत आईला घेऊन जा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांशी गोडीने बोला, बहुतेक ऐकतात. गावाकडचं रेशनकार्ड इथल्या दुकानातही चालतं, अंगठा लागतो. मात्र गावी म्हातारी माणसं राहिली असतील तर सगळं धान्य इथं उचलू नका.

सगळ्यात अवघड काम आपल्याच मंडळीतलं. ज्याच्या उसात टोळी उतरलीय त्याच्याकडे पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी आडोसा मागा. हे चहाला बसून मागायचं, उपासनेत उभं राहून नाही. आमच्या एका वडीलधाऱ्यांनी गेल्या हंगामात विहिरीची तोटी टोळीला मोकळी करून दिली, आडोशाला जुने पत्रेही दिले. मुकादमाशी हिशेबाचं बोला म्हटलं की मात्र अजून म्हणतात, "तो कारखान्याचा विषय आहे, बाई."