बंधारा घालण्याआधी पाण्याच्या पाळ्या ठरवा

लवकर पिकणारं हळवं भात घरात आलं, उशिरा पिकणारं गरवं झोडणीला लागलं, की कोकणात वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, बांध घालायचे दिवस येतात. ऑक्टोबरात घाई नको. परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली तरी गोण्या वाहून जातात. वहाळाचं पाणी नितळ झालं की नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काम काढा. फार रेंगाळलात तर पाणी झरझर झिरपून जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या मुलखात अडवायला पाणीच उरत नाही.

बांध घालणं त्यातलं सोपं काम. सिमेंटच्या नाहीतर खताच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने पाऊण भरायच्या, तोंडं सुतळीने शिवायची आणि सांधेमोड करून, म्हणजे खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी येईल अशा, रचायच्या. तळ रुंद, माथा अरुंद, पाण्याच्या बाजूने चिकण माती. गोण्या नसतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण विजय बंधारा आहेच : वहाळातलेच दगड आणि आतून प्लास्टिकचा कागद.

खरी अडचण पुढे येते. श्रमदानाला सगळी वाडी आणि पाणी उपसायला दोनच पंप, असं झालं की पुढच्या वर्षी गोणी उचलायला कोणी येत नाही. म्हणून पहिली गोणी भरण्याआधी बैठक घ्या आणि हिशेब सगळ्यांसमोर मांडा. समजा, बांधाशी पाणी 1 मीटर खोल, पात्र 6 मीटर रुंद आणि फुगवटा, म्हणजे बांधामागे तुंबलेलं पाणी, 100 मीटर मागे गेला. मागे खोली कमी होत जाते, म्हणजे साठा साधारण 3 लाख लिटर. तासाला 20,000 लिटर ओढणारे दोन पंप रोज चार तास चालले तर दिवसाला 1,60,000 लिटर गेले. वरून येणारी धार बारीक झाली असेल तर दोन दिवसांत तळ दिसतो. हे आकडे मोठ्याने वाचले की निम्मे आवाज आपोआप खाली येतात.

दिलासा असा, की सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागत नाही. कुळीथ, पावटा बराचसा जमिनीतल्या ओलीवर निघतो. हापूसला मोहोर येण्याआधी पाणी नकोच. फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून दर 15 दिवसांनी झाडाला 150 ते 200 लिटर, असं तीन-चार वेळा पुरतं. कलिंगडवाल्याची निकड डिसेंबर ते फेब्रुवारी. सुपारी-नारळाच्या बागा आणि गुरं मात्र पाऊस येईपर्यंत आशेवर. तेव्हा माणशी सारखे तास वाटण्यापेक्षा महिन्यावार पाळ्या लावा आणि गुरांच्या पाण्याला कोणाचीच पाळी आड येऊ देऊ नका.

गावकीची बैठक देवळात होते आणि बोलतात ठरलेली चार माणसं. कोणता पाणवठा आधी आटतो हे मात्र बायकांना नेमकं ठाऊक असतं. त्यांच्याशी पाणवठ्यावरच बोला, दुपारच्या वेळी. काठाची जमीन सामायिक सातबाऱ्यावर असेल तर चाकरमान्यांची संमती दिवाळीत गावी आले असतानाच घ्या. फोनवरचा होकार मे महिन्यात कोणाला आठवत नाही. वरच्या आणि खालच्या वाडीचं जुनं भांडण असेल तर बैठक चालवायला दोन्हीकडचा नसलेला माणूस बसवा, शाळेचे गुरुजी किंवा कृषी सहाय्यक. खालच्या वाडीची धास्ती खरी असते. बांधाच्या अंगात एक पाइप ठेवून थोडी धार सतत खाली सोडा आणि ती किती हे दोन्ही वाड्यांच्या माणसांनी बादली लावून मोजावं.

ठरलेलं शाळेच्या वहीत लिहा, वाचून दाखवा, सह्या-अंगठे घ्या. पाळी मोडली तर दंड पैशांत नको, श्रमदानाच्या दिवसांत घ्या. पैसेवाला दंड भरून मोकळा होतो.

फुगवट्यात एक बांबू रोवा आणि त्यावर तांबडा पट्टा ओढा. पाणी पट्ट्याखाली गेलं की पंप बंद, फक्त गुरं आणि घागरी. पट्टा कुठे ओढायचा यावर वाद होईल, होऊ द्या. तो नोव्हेंबरात झालेला बरा. बांबू रोज बघायची जबाबदारी आठवड्याने बदला, नाहीतर एकच माणूस गावाचा वैरी ठरतो.

मेअखेर गोण्या काढायला कोण येणार, त्यांची नावंही आत्ताच वहीत घाला. राहिलेल्या गोण्या पहिल्या पुरात फाटतात आणि त्यांचं प्लास्टिक खालच्या मळ्यांत नाहीतर खाडीत जाऊन बसतं. धड गोण्या झटकून, वाळवून एका पडवीत ठेवा आणि मोजून आकडा लिहून ठेवा.