कराटेच्या जोडीला योग करताय? या चुका टाळा

कराटेला येणाऱ्या मुलांना हल्ली योगही हवा असतो, आणि तो हवाच. पण कधी करायचा आणि किती, हे कुणी विचारत नाही. मोबाइलवर कुणाचा तरी डोक्यापर्यंत गेलेला पाय बघायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच पाय फाकवून बसायचं. बडोद्यात बॅचमागून बॅच हेच करताना बघतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लासच्या आधी लांब ताण

किकच्या सरावाआधी पश्चिमोत्तानासनात (पाय लांब करून पुढे वाकणं) किंवा हनुमानासनात (एक पाय पुढे, एक मागे पूर्ण फाकवणं) बसून राहणं ही सगळ्यात मोठी चूक. एकाच स्नायूला मिनिटभराहून जास्त वेळ स्थिर ताण दिला की नंतर थोडा वेळ त्याची ताकद उतरते. पाय वर जातो, पण फटक्यात दम नसतो. सैल वाटतं म्हणून मुलांना ते आवडतं.

दांडिया बाजारातला कॉलेजचा एक मुलगा यायचा. बेल्टची परीक्षा तोंडावर आली आणि समोरची किक छातीच्या वर जाईना. मला न सांगता त्यानं घरी मित्राला पाठीवर रेलायला लावून पश्चिमोत्तानासन सुरू केलं. एका सकाळी मांडीच्या मागे, अगदी बसण्याच्या हाडाशी कळ आली. दुखतंय म्हणजे आखडलंय, असं समजून त्यानं ताण आणखी वाढवला. स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो तिथली कंडरा खोल वाकलं की हाडावर दाबली जाते. दुखऱ्या कंडरेवर रोज तोच दाब दिला तर ती बरी कशी होणार? परीक्षा हुकली, नवरात्रात गरबा नाही, स्कूटरवर बसणंसुद्धा नकोसं झालं. शेवटी फिजिओथेरपिस्टनं वाकणं पूर्ण बंद करायला लावलं आणि सेतुबंधासनापासून (पाठीवर झोपून कंबर उचलणं) हळूहळू ताकद वाढवत नेली, तेव्हा कुठे पाय साथ देऊ लागला.

माझ्याकडे आधी धावणं, मग पाय झुलवणं, बैठका आणि न थांबता घातलेले काही सूर्यनमस्कार. धरून ठेवायची आसनं क्लास संपल्यावर, अंग गरम असताना. पाठीवर कुणीही रेलायचं नाही. यात मी सूट देत नाही.

घाई करणाऱ्यांना मी इथलंच उदाहरण सांगतो. १८८३ साली डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, १९०७ ते १९१० या काळात बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायाम शिकले. मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले ते त्यानंतर, आणि त्यांची लोणावळ्याची योगसंस्था, कैवल्यधाम, निघाली १९२४ मध्ये. दोन्ही विद्यांना त्यांनी आपापला वेळ दिला. तीन महिन्यांत बेल्टही हवा आणि हनुमानासनही, असं म्हणणाऱ्या पालकांना मी सरळ नाही म्हणतो.

स्पारिंगच्या तोंडावर कपालभाती

स्पारिंग म्हणजे समोरासमोरची सरावाची लढत. तिच्याआधी अंगात जोश यावा म्हणून मुलं कोपऱ्यात उभी राहून भराभर कपालभाती करतात. असा श्वास टाकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. या अवस्थेत समोरच्याचा पंच दिसणार कसा? तेव्हा फक्त सावकाश, लांब श्वास सोडा. कपालभाती सकाळी रिकाम्या पोटी, शांत बसून करा.

उलट चूकही तितकीच दिसते: श्वास कोंडून पंच मारणं. असा मुलगा लवकर दमतो, आणि पोटावर फटका बसला की वाकतो. पंच जाताना श्वास बाहेर गेला पाहिजे. कियाई, म्हणजे फटक्याबरोबरची आरोळी, त्यासाठीच असते. जमेपर्यंत प्रत्येक पंचाला तोंडानं आवाज काढायला लावतो, लाज वाटली तरी.

बाकीच्या चुका

डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी शीर्षासन नाही, स्पारिंग नाही, डॉक्टरांना दाखवा.

गोल किक मारून गुडघा दुखत असेल तर पद्मासनाचा हट्ट सोडा, सुखासनात बसा.

मुठींवर जोर काढून मनगटं भरून आली असतील तर मयूरासन (सगळं अंग हातांवर तोलणं) दुसऱ्या दिवशी.

मुळातच लवचीक असणाऱ्यांनी पंच मारताना कोपर मागे अडकेपर्यंत ताठ करू नये. त्यांना आणखी ताणाची नाही, ताकदीची गरज असते.

शवासन सोडून चपला घालायला पळणाऱ्यांना मी परत बोलावतो.

आठवडा कसा लावावा

स्पारिंगच्या दिवशी योग म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं, तीही हलकी. पूर्ण आसनांचा सराव स्पारिंग नसलेल्या दिवशी. परीक्षेच्या आठवड्यात नवीन आसन सुरू करायचं नाही. मे महिन्यात सगळं सकाळी आठच्या आत संपवा. इथल्या उन्हात संध्याकाळी सहालाही फरशी तापलेली असते, तेव्हा क्लासला येतानाच पाण्याची मोठी बाटली आणा.