चिनी पुरवठादाराशी इंग्रजीत बोलताय? या चुका टाळा

मी पुण्यात दुभाषी म्हणून काम करते. भोसरी, चाकण, कोल्हापूरकडचे छोटे कारखानदार चीनमधून साचे, सुटे भाग, यंत्रं मागवतात. बोलणी इंग्रजीत सुरू होतात आणि घोळ झाला की मला फोन येतो. ज्याचा त्याचा घोळ त्याला नवा वाटतो, मी मात्र वर्षानुवर्षं तेच चार-पाच बघते आहे. त्यातला एक तर इतका सहज टाळता येण्यासारखा आहे की दर वेळी जीव तुटतो.

तो म्हणजे नकारार्थी प्रश्न.

जानेवारीतली गोष्ट. एका गृहस्थांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "द गुड्स आर नॉट शिप्ड येट?" पलीकडची मुलगी म्हणाली, "येस, येस." यांनी ऐकलं, माल निघाला. त्याच दुपारी त्यांनी आपल्या गिऱ्हाइकाला तसं कळवूनही टाकलं. आठ दिवस झाले तरी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, येईना, तेव्हा मला बोलावलं. मी चिनीत विचारलं तर ती बिचारी गोंधळली. "निघाला नाही असंच तर मी सांगितलं होतं!"

तिचं बरोबर होतं. अशा प्रश्नाला चिनीत 'दुई' म्हणतात, म्हणजे 'तुम्ही म्हणताय ते खरं'. माल निघाला नाही, हे खरं. त्या 'दुई'चं तिने इंग्रजीत 'येस' केलं. इंग्रजीतलं 'येस' मात्र प्रश्न कसा विचारला हे बघत नाही. येस म्हणजे निघाला, नो म्हणजे नाही निघाला. एव्हाना चिनी नववर्ष तोंडावर आलं होतं. कामगार गावी गेले, कारखान्याला कुलूप लागलं आणि माल महिनाभर तिथेच पडून राहिला.

मला वाईट याचं वाटतं की आपण मराठीतही असंच बोलतो. "अजून जेवला नाहीस ना?" "हो, नाही जेवलो." म्हणजे चिनी माणसाचं 'येस' आपल्याला तर चटकन कळायला हवं. पण इंग्रजीत शिरलो की आपण इंग्रजीच्या नियमाने ऐकतो आणि समोरचा चिनीच्या नियमाने बोलत असतो.

माझी सवय सांगते. 'नॉट' घालून प्रश्न विचारायचाच नाही. शक्यतो हो-नाहीचा प्रश्नही नको. "माल कोणत्या तारखेला निघाला? कंटेनर नंबर काय?" एवढंच विचारायचं. तारीख मागायला आणखी एक कारण आहे. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे "वुई सेंड फ्रायडे" हा गेला शुक्रवार की येणारा, हे त्या वाक्यावरून कळत नाही. नव्याने या धंद्यात आलेल्यांना एवढं विचारत बसायचा कंटाळा येतो. "कन्फर्म?" असा एक शब्द टाकायचा, "येस" आलं की पैसे पाठवून मोकळं व्हायचं. ही घाई मला अजिबात पटत नाही. भाषांतराचं ॲपही इथे कामाला येत नाही. ते 'येस'चं 'हो' करून देतं, कशाला हो ते सांगत नाही.

दुसरा घोळ आकड्यांचा. इंग्रजी हजारांच्या टप्प्याने मोजते, चिनी दहा हजारांच्या. १०,००० म्हणजे एक 'वान'. आपला एक लाख म्हणजे दहा वान, एक मिलियन म्हणजे शंभर वान. समोरचा मनात वानाचे हजार करतो, आपण मिलियनचे लाख करतो, आणि दोघेही घाईत असतात. एका साच्याचा भाव फोनवर "थर्टी थाउजंड" युआन ठरला. विक्रेत्याच्या मनात होते तीस वान, म्हणजे ३ लाख. आगाऊ रक्कम गेल्यावर कोटेशन आलं तेव्हा सगळे हादरले. मी तोंडी आकडा मानतच नाही. वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर सगळी शून्यं लिहून घेते आणि ती बोटाने मोजते, कारण त्यांचा स्वल्पविराम ३००,००० असा पडतो आणि आपला ३,००,००० असा.

सवलतीचंही तसंच. येईवू या चिनी शहराच्या घाऊक बाजारात 'बा झ' म्हणाले, तर किमतीचे आठ दशांश द्यायचे, म्हणजे सूट २० टक्के, ८० नव्हे.

वजनातही बघा. 'जिन' म्हणजे ५०० ग्रॅम. किलोला 'गोंगजिन' म्हणतात.

'तो' आणि 'ती' दोन्हींचा चिनी उच्चार 'था'. म्हणून इंग्रजीत बाईंना 'ही' (he) म्हटलं जातं. कोणाबद्दल बोलणं चाललंय ते नाव विचारून घ्या. चिनी नावात आडनाव आधी येतं.

'हजाराच्या वर' नग घेतले तर दर कमी, असं ठरत असेल तर नेमकं हजाराला कोणता दर? २०२१ पासून लागू असलेल्या चीनच्या नागरी संहितेत 'यीशांग' ('च्या वर') म्हटलं की तो आकडा धरूनच. इंग्रजीतल्या 'अबव्ह'मध्ये तो धरत नाहीत. 'हजार धरून' असं स्पष्ट लिहा.

शेवटचं, 'सॉरी'. खराब माल आला की आपल्याकडचे लोक आधी लेखी सॉरी मागतात. चिनीत 'बाओछ्येन' म्हणजे दिलगिरी, तर 'दाओछ्येन' म्हणजे चूक कबूल करून मागितलेली माफी. इंग्रजीत दोन्हींना सॉरी चालतं. एप्रिल २००१ मध्ये हैनानजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान धडकलं, चिनी वैमानिक गेला. अमेरिकेचे २४ जण चीनमध्ये ११ दिवस अडकले. सुटका झाली ती 'व्हेरी सॉरी' लिहिलेल्या पत्रावर. चीनमध्ये त्याचं भाषांतर माफीच्या अंगाने छापलं गेलं आणि अमेरिका म्हणत राहिली की आम्ही माफी मागितलेली नाही. दोन सरकारांनी शब्द तोलून लिहिलेल्या पत्राचं हे झालं, तर आपल्या ईमेलमधल्या सॉरीवरून काय सिद्ध होणार? मी ते मागतच नाही. खराब नगांचे फोटो पाठवते, संख्या लिहिते आणि बदली माल कोणत्या तारखेला निघणार ते विचारते.