‘चोवीस तास थांबा’ हा संवाद लिहू नका

शाळेतून मुलगा घरी आलेला नाही. आईवडील पोलीस ठाण्यात धावतात. हवालदार जांभई देत म्हणतो, “चोवीस तास थांबा, येईल आपोआप.” मालिकेसाठी मी लिहिलेला हा पहिला प्रवेश. काय बोचरं जमलंय, असं मला वाटलं होतं. आमच्या पटकथाकार ताईंनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि विचारलं, “हा नियम कुठे लिहिलाय?”

कुठेच नव्हता. मी तो सिनेमात ऐकला होता, एवढंच.

मूल हरवलेल्या जोडप्याची ती दैनंदिन मालिका. संवादलेखकाची साहाय्यक म्हणून मी तिथे आठ महिने होते. या क्षेत्रात नव्याने येणारे बरेचदा विचारतात, तिथे शिकलीस काय? खरं तर रडण्याचे प्रवेश कमी लिहायला शिकले, आणि त्याची सुरुवात त्या आडव्या रेघेपासून झाली.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर स्पष्ट केलं की, मूल हरवल्याची तक्रार आली तर अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. थांबायचं नाही. म्हणजे माझा हवालदार नुसता उर्मट नव्हता, तो बेकायदा वागत होता आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. शिवाय अशी ओळ रोज घराघरांत ऐकू गेली, तर उद्या एखादी आई खरंच चोवीस तास घरी बसून राहील. हा धोका मला ताईंनी दाखवला.

मग मी एका निवृत्त ठाणे अंमलदारांकडे, म्हणजे पोलीस ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणाऱ्या काकांकडे, जाऊन बसले. नवोदितांना माझा सल्ला आहे की, नोकरीतल्या अधिकाऱ्यामागे धावू नका, त्यांना वेळ नसतो आणि बोलायची मुभाही नसते. निवृत्त माणूस चहा पाजतो आणि दोन तास बोलतो. काकांनी फिर्यादीची भाषा तोंडपाठ म्हणून दाखवली: ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी माझ्या कायदेशीर रखवालीतून फूस लावून पळवून नेले आहे.’ आपल्या पोरासाठी ‘रखवाली’ हा शब्द बापाने कधी वापरलेला नसतो, आणि आता त्याच्याखाली त्याला सही करायची असते. तो प्रवेश आम्ही जवळपास जसाच्या तसा घेतला. वडील ‘रखवाली’पाशी अडखळतात, लेखनिक हवालदार पेन धरून थांबतो. बाकी कुणी काही बोलत नाही. (पूर्वी तिथे भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३६३ लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागतं. जुन्या पटकथांची नक्कल करणारे अजून ३६३च लिहितात.)

काकांनी आणखी एक गोष्ट दिली. पोलीस आधी वर्णन विचारतात: उंची, अंगावरचे कपडे, तीळ, पडलेला दात, अलीकडचा फोटो. आईला सकाळचा शर्ट आठवतो, बटण तुटलेलं आठवतं. बापाला मुलाची तुकडीही सांगता येत नाही. मोबाइलमध्ये चारशे फोटो, पण सगळ्यांत पोरगा तोंड वेडंवाकडं करतोय. शेवटी शाळेच्या ओळखपत्रावरचा, दोन वर्षांपूर्वीचा फोटो द्यावा लागतो. यात खलनायक नाही, पार्श्वसंगीत नाही, आणि तरी नवरा-बायकोतली पहिली भेग इथेच दिसते.

चॅनलला खंडणीचा फोन हवा होता. तो हवा असणारच. पण कायद्यातच एक घड्याळ आहे, ते लेखकांना दिसत नाही. चार महिन्यांत मूल सापडलं नाही, तर तपास पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक (म्हणजे मानवी तस्करी) प्रतिबंधक कक्षाकडे जातो. म्हणजे फाइल टेबल बदलते. ज्या अंमलदाराला आई आता नावाने हाक मारू लागली होती, तो सुटतो आणि नव्या माणसासमोर शर्टाच्या बटणापासून सगळं पुन्हा सांगावं लागतं. आमचा चौऱ्याऐंशीवा भाग या एकाच गोष्टीवर उभा होता.

खऱ्या घटनेवरून लिहिण्याचा मोह होतो. जपून. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नाव बदललं आणि गाव तसंच ठेवलं, तर ओळख पटायला कितीसा वेळ लागतो?

आता कामाच्या रीतीबद्दल थोडं. मराठी मालिकेत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही बहुधा वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. नवखा संवादांच्या टोकाला लागतो. पटकथा संध्याकाळी येते आणि सकाळी सेटवर पानं हवी असतात. भागांची बँक, म्हणजे आधीच तयार असलेले भाग, संपली की रात्री लिहिलेलं दुपारी चित्रित होतं. गुरुवारी टीआरपी आला की सगळ्यांचे चेहरे त्याप्रमाणे. आमचा सेट ठाण्याच्या घोडबंदर रोडला होता, आउटडोअर महिन्यातून दोनच दिवस. शोध घेणारी मालिका दिवाणखान्यातच अडकली म्हणून मी कुरकुर करायचे. पण त्या तुटपुंज्या बजेटनेच आम्हाला घरात बसवलं: ताटं किती वाढायची, बेल वाजली की आधी कोण उठतं, चपलांच्या स्टँडवरचे छोटे बूट कोण पुसतं.

आई वाट पाहते आणि बाप कामावर जायला लागतो. मग प्रेक्षक बापाला दगड ठरवतात. पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेने युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांचा अभ्यास केला. माणूस गेलाही नाही आणि उरलाही नाही, अशा अवस्थेत दुःखाला शेवटच सापडत नाही, असं तिचं म्हणणं. एकाच घरात एकजण आशेला धरून बसतो, दुसरा मनातल्या मनात निरोप देऊन मोकळा होऊ पाहतो, आणि दोघांना एकमेकांची चीड येते. हे कळल्यावर मी बापाचे संवाद निम्मे केले. तो दोषी वाटायचा थांबला.

बालकलाकाराचं गणितही लेखकाला ठाऊक हवं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, वीस टक्के कमाई मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आपण पानभर फ्लॅशबॅक लिहितो आणि दिग्दर्शक घड्याळाकडे बघतो. आमचा छोटा नट आठवड्यातून एकदा यायचा. एकदा वडापाव खाताना त्याने मला विचारलं, “ताई, मी आत्ता कुठे आहे?” मला सांगता आलं नाही, कारण आम्ही ठरवलंच नव्हतं. तेव्हा पहिला भाग लिहिण्याआधी मूल कुठे आहे ते ठरवा. चॅनलला सांगू नका हवं तर, पण स्वतः जाणा.

पैशाचं म्हणाल तर मानधन प्रति भाग ठरतं आणि भाग दाखवल्यावर दोन-तीन महिन्यांनी हातात येतं. एका निर्मात्याने माझे शेवटचे भाग बुडवले. करार ‘उद्या करू’ म्हणाले होते, मीही लाजून विचारलं नाही. कागद झाल्याशिवाय पहिलं पानही देऊ नका, आणि स्वतःची मूळ कथा असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून मगच ऐकवा.

मालिकेला सात वर्षांचा लीप दिला गेला, म्हणजे कथा एकदम सात वर्षं पुढे नेली, मुलगा स्मृती हरवून परतला वगैरे. त्याआधीचा एक प्रवेश मात्र माझा आहे. जून महिना. आई गणवेशाच्या दुकानात उभी. वडील बाहेर, स्कूटर चालूच ठेवून. दुकानदार विचारतो, “उंची किती?” ती हात कमरेपाशी धरते. मग जरा वर नेते. मी प्रवेश तिथेच थांबवला होता. ताईंनी पेन्सिलीने दुकानदाराची एक ओळ खाली जोडली, आणि भाग तिच्यावरच संपला:

“वाढत्या अंगाचा देऊ का?”